ऋषीच्या भाजीत जपानी पाला

एजबॅस्टन, बर्मिंगहॅम
२ मार्च २०२५

सौ. आसावरी,

आशीर्वाद. ते द्यायला मी रागातही विसरत नाही.

मी फॅमिली ग्रुप सोडला म्हणून तुझ्या उदयचा फोन आला होता. "वहिनी, चुकून एक्झिट झालात का?" अरे, मी सत्तरीची आहे, बावळट नाही. माझ्या सख्ख्या दिराला आपली वहिनी मुद्दाम काही करू शकते हेच पटत नाही. मी समजून उमजून सोडला. फोनवर बोलण्यातही अर्थ नाही, कारण तू "हो वहिनी, हो वहिनी" म्हणतेस आणि शेवटी तुला हवं तेच करतेस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं. तूही पत्रानेच उत्तर दे. मराठी लिहायची सवय राहिली असेल तर.

आता मुद्दा. तू ग्रुपवर एका पाल्याचा फोटो टाकून परस्पर जाहीर केलंस की या वर्षी ऋषिपंचमीचं जेवण रीडिंगला तुझ्या घरी, भाज्या तुझ्या अलॉटमेंटमधल्या, त्या भाड्याने घेतलेल्या मळ्याच्या तुकड्यातल्या, आणि त्यात ही जपानी भाजी. ओकाहिजिकी. नाव मी तीनदा वाचलं. शोधून पाहिलं तर अर्थ निघाला, जमिनीवरचं शेवाळ. ते शेवाळसुद्धा नाही, नुसतं तसं दिसतं म्हणून त्याचं कौतुक. समुद्रकाठच्या खाऱ्या वाळूत उगवतं आणि जपानी लोक ते उकडून सोया सॉस आणि मोहरी लावून खातात. खाऊ देत बापडे. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून चिखलात बसायचं तुला सुचलं, ते आम्ही ऐकून घेतलं. आता तुझ्या त्या शेजारच्या प्लॉटवरच्या बाईने बी दिलं म्हणून ते आमच्याही ताटात? घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

सासूबाईंनी हे जेवण माझ्या हाती सोपवलं होतं. गणपती मंडळात असतो, आपल्या घरात ऋषिपंचमीचंच जेवण मोठं. नियम तुला पाठ आहेत, तरी उजळणी करते. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. हाताने लावलेलं, हाताने खुडलेलंच चालतं. आणि आपल्या घरात ऋषीच्या भाजीत मीठ घालत नाहीत. या देशात बैल कुठला, म्हणून मी इतकी वर्षं सुपरमार्केटची भेंडी आणि भोपळा घालते. ट्रॅक्टर म्हणजे बैल का, यावर तू दर वर्षी वाद घालतेस. सासूबाई असत्या तर त्यांनी एका वाक्यात तुझं तोंड बंद केलं असतं.

तुझ्या भाऊजींचं, म्हणजे पद्माकरचं हृदय दोन वर्षांपूर्वी कमजोर झालं तेव्हापासून त्याचं मीठ बंद आहे. त्याचं वेगळं शिजतं, माझं वेगळं. ऋषिपंचमीचा एकच दिवस असा असतो की तो आणि मी एका पातेल्यातलं खातो. तेवढा दिवस तरी तुझ्या खाऱ्या प्रयोगांपासून लांब राहू दे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तू बुल रिंग मार्केटच्या मासळीवाल्याकडून ते सॅम्फायर, तो खाऱ्या दलदलीतला पाला, आणून शिजवलंस, आठवतं? "आमच्या उरणच्या मोरससारखं आहे" म्हणालीस. सासूबाईंनी एक घास घेतला आणि विचारलं, समुद्र कुणी ओतला? ते पातेलं मीच कचऱ्यात रिकामं केलं होतं.

आम्ही रीडिंगला येणार नाही. जेवण इथेच होईल.

सुप्रभा

•

रीडिंग
११ मार्च

सुप्रभावहिनी,

नमस्कार. मराठी लिहिता येतं अजून. अक्षर मात्र मलाच वाचता येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

ते पातेलं कचऱ्यात गेलं हे मी कशी विसरेन? घासायला मीच बसले होते.

तुम्ही म्हणता ते खरं, मी परस्पर जाहीर करायला नको होतं. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. तुमचे गुडघे दुखतात. वीस माणसांचं जेवण तुम्ही एकटीने उभं राहून करता आणि कुणी चमचा उचलला की ओरडता. हे एक कारण.

दुसरं कारण भाऊजी. संक्रांतीला आले तेव्हा त्यांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती नुसती लोंबत होती. ताटात पाहून म्हणाले, "आसावरी, भूक लागते, पण समोर आलं की जाते." मला ते ऐकवलं नाही. शेजारच्या प्लॉटवरच्या मिसेस ओनोंनी ही भाजी चाखायला दिली तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवले. मिनिटभर उकळायची, वर हिंग-मिरचीची फोडणी, लिंबू, खोबरं. दाताखाली कुरकुरते. मीठ नसलं तरी चुकल्यासारखं वाटत नाही. उरणला आई मिठागराच्या बांधावरून मोरस खुडून आणायची, तशीच दिसते. पण मोरस दोनदा उकळून पाणी टाकलं तरी खारट लागते. ही तशी नाही. मलाही आधी वाटलं होतं की तशीच असेल.

आणि प्लॉट मी फावड्याने खणला आहे. तिथे बैलही नाही आणि ट्रॅक्टरही नाही. सासूबाईंच्या नियमात तुमच्या भोपळ्यापेक्षा माझी भाजी जास्त बसते, एवढंच म्हणते आणि गप्प बसते.

या ना वहिनी. तुमच्याशिवाय ते जेवण ऋषिपंचमीचं होणार नाही.

आसावरी

•

बर्मिंगहॅम
२३ मे

सौ. आसावरी,

आशीर्वाद.

काल संध्याकाळी पद्माकर दारात उभा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कुंडी. रीडिंगहून न्यू स्ट्रीटपर्यंत ट्रेनमध्ये मांडीवर, तिथून बसमध्ये मांडीवर. चाळीस वर्षं लोकांची हाडं जोडलेला सर्जन, आणि चेहरा असा की शाळेत बक्षीस मिळालंय. "आसावरीने तुझ्यासाठी दिलीय," म्हणाला. कुंडीत काय, तर हिरव्या सुया. डोक्याला तेल न लावलेल्या पोरीच्या केसांसारख्या चहूकडे उभ्या.

दर गुरुवारी "उदयला भेटून येतो" म्हणून तो तुमच्याकडे येतो, त्याला माझी हरकत नाही. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं. पण कॉलरबद्दल तू जे लिहिलंस ते मला आवडलं नाही. माझ्या नवऱ्याची कॉलर मलाही दिसते. मी भूल देणारी डॉक्टर होते, शिंपीण नव्हते, पण डोळे मलाही आहेत. त्याला जेवण जात नाही, कारण तो नाटकं करतो. लहानपणी आईने लाडावलेला आहे. ताटाकडे पाहायचं, उसासा टाकायचा, चार घास चिवडायचे. मी रोज त्याच्यासाठी वेगळं वरण, वेगळी भाजी करते आणि तो ती माझ्यावर उपकार केल्यासारखी खातो.

मंडळातल्या बायकाही तुझ्याच पंक्तीतल्या. परवा मंजिरीने मला सांगितलं की काळी मिरी घातली की मिठाची आठवणच येत नाही. पी हळद आणि हो गोरी. तिला म्हटलं, बाई, तू आठवडाभर करून बघ आणि मग मला शिकव.

असो. मी आडमुठी नाही, कुणी काही म्हणो. आपण असं करू. ही कुंडी मी वाढवते, खिडकीत, अगदी शास्त्रशुद्ध. तुझ्यासारखं अंदाजपंचे नाही. या वनस्पतीबद्दल मी वाचलं आहे. वाढली की मी स्वतः शिजवून चाखेन. अळणी निघाली तर आम्ही दोघं ऋषिपंचमीला रीडिंगला येऊ. खारट निघाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. माझी चव चुकत नाही, हे तुला माहीत आहे.

सुप्रभा

•

रीडिंग
३ जून

सुप्रभावहिनी,

तुमचं पत्र वाचून मी उदयला म्हटलं, जेवण इथेच होणार, भांडी आत्ताच मोजून ठेव. तो म्हणाला, "डोन्ट जिंक्स इट, आधीच बोलून दृष्ट लावू नकोस."

कुंडीला ऊन द्या. बोटभर शेंडे वाढले की खुडायचे, मग बाजूने फुटते. उशीर केला तर जून होते आणि टोचायला लागते. पाण्याचं मी काय सांगणार, ते तुम्हाला माहीत आहेच.

भाऊजी गुरुवारी प्लॉटवर खुर्ची टाकून बसतात. मिसेस ओनो त्यांना जपानी शिकवतात आणि ते त्यांना नागपुरी शिव्या. परवा त्यांनी एक वाफा स्वतः खुरपला. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "मला आज काहीतरी करू दे." चेहऱ्यावर रंग आलाय. तुम्हीही एकदा या म्हणते. खुर्च्या दोन आहेत.

आसावरी

•

बर्मिंगहॅम
१३ जुलै

आसावरी,

तुझी भाजी आज शिजवली. मिनिटभर उकळली, तू सांगितलंस तशी. फोडणी नाही, लिंबू नाही, नुसती चाखली.

मीठ. नुसतं मीठ. जीभ ओढून धरली माझी. मी ते थुंकून टाकलं आणि तोंड धुऊन पुन्हा एक शेंडा खाल्ला, कारण निकाल देताना मी घाई करत नाही. तोही तसाच. म्हणजे बुल रिंगची गोष्ट पुन्हा एकदा. तेव्हा निदान तू नवी नवरी होतीस, काही कळत नव्हतं असं म्हणता आलं.

मग मी पद्माकरला विचारलं, गुरुवारी तिकडे जेवतोस काय? म्हणाला, "हीच. आणि भात. दोनदा घेतो." मे महिन्यापासून दर गुरुवारी! मी त्याचं रोज सकाळी वजन करते. गेल्या महिनाभरात ते वाढलं आहे. मला वाटलं होतं औषध लागू पडतंय. आता कळलं काय लागू पडतंय. हृदयाच्या पेशंटचं वजन असं वाढतं तेव्हा ते पाणी असतं, आसावरी, अंगात साठलेलं पाणी. पावलं पाहिली, अजून सूज नाही. पण ती येणार. मी अशी माणसं टेबलावर पाहिली आहेत, तू पाहिलेली नाहीस.

तुला काय वाटतं, मी हौसेने त्याला अळणी जेवण घालते? दोन वर्षं एका एका चिमटीवर लक्ष ठेवून मी जे राखलं, ते तू प्रेमाच्या नावाखाली उधळून लावलंस. प्रेम फार सोपं असतं, आठवड्यातून एकदा करायचं असलं की. तुझी आई मिठागरावरून खुडून आणायची, ते ठीक. तिचा नवरा हार्ट फेल्युअरचा पेशंट नव्हता.

पद्माकर आता गुरुवारी येणार नाही. मी त्याचं रेलकार्ड माझ्या पर्समध्ये ठेवलं आहे. ऋषिपंचमी इथे. तुम्हाला यायचं असेल तर या, रिकाम्या हाताने या.

सुप्रभा

•

रीडिंग
१४ ऑगस्ट

सुप्रभावहिनी,

तुमच्या पत्राला मी दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा फाडलं. एकात मी फार रडले होते, दुसऱ्यात फार बोलले होते. हे तिसरं.

परवा भाऊजी बाथरूममध्ये पडल्याचं उदयला कळलं आणि आम्ही तसेच निघून हॉस्पिटलला आलो. तुम्ही कॉरिडॉरमध्ये उदयशी बोललात, माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्याचं काही नाही.

तुम्ही चहा आणायला खाली गेलात तेव्हा भाऊजींनी मला जवळ बोलावलं. मी त्यांना म्हटलं, भाऊजी, माझ्या भाजीने हे झालं असेल तर मला माफ करा. ते हसले. त्यांचा आवाज अगदी क्षीण होता, पण मला प्रत्येक शब्द आठवतो. म्हणाले, "तुझी भाजी साधीच आहे गं. आमच्या खिडकीतली खारट झाली, कारण सुप्रभा तिला मिठाचं पाणी घालत होती. रोज सकाळी जगमध्ये चमचाभर मीठ ढवळायची. मी बघायचो."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? म्हणाले, "मला वाटलं, तिला माहीत असेल. तिला सगळं माहीत असतं."

वहिनी, तुम्ही वाचलंत की ही खाऱ्या जमिनीत तगते, आणि तुम्ही धरून चाललात की तिला मीठ हवंच असतं. तिला तसं काही नको असतं. मी नळाचं पाणी घालते. मीठ दिलं तर ती मरत नाही, आत घेते आणि जगते, एवढंच. सोसतं म्हणजे हवं असतं असं नाही. मलाही तुमचं बोलणं सोसतं. लग्न झाल्यापासून सोसतं आहे. म्हणून मला ते हवं आहे असं समजू नका. हे मी पहिल्यांदाच म्हणते आहे आणि परत म्हणणार नाही.

भाऊजींचं वजन वाढलं, कारण ते जेवत होते. एवढंच होतं ते. मला ते पाहून इतका आनंद व्हायचा की तुम्हाला सांगावंसं वाटायचं, आणि सांगितलं तर तुम्ही बंद कराल म्हणून भीतीही वाटायची. मी लपवलं, ते मात्र चुकलं.

ऋषिपंचमी तुम्ही म्हणाल तिथे. पण भाऊजींना जेवू द्या.

आसावरी

•

बर्मिंगहॅम
२१ ऑगस्ट

सौ. आसावरी,

आशीर्वाद.

पद्माकर सोमवारी घरी आला. खुर्चीत बसून क्रिकेट पाहतो आहे आणि बॅट्समनला ती भाषा ऐकवतो आहे, जी त्याने त्या जपानी बाईंना शिकवली असावी. ती बिचारी कुणासमोर बोलायची नाही म्हणजे मिळवली.

तू लिहिलंस तसंच झालं. मीठ मीच घालत होते. समुद्रकाठची वनस्पती, तिला घरच्यासारखं वाटावं म्हणून. पहिल्या आठवड्यात ती थोडी मान टाकायला लागली तेव्हा मला वाटलं, कमी पडतंय, आणि मी चमचा वाढवला. आता हसून घे. उदयलाही सांग, तोही हसेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या हे मला आत्ता आठवलं.

हसण्यासारखं नाही ते आता सांगते. वॉर्डात एक तरुण रजिस्ट्रार डॉक्टर होती, माझ्या लेकीहून लहान. रिपोर्ट पाहून तिने मला बाहेर बोलावलं. मी डॉक्टर आहे हे तिला कळलं होतं, म्हणून फार सांभाळून बोलत होती. "डॉक्टर, देअर इज नो फ्लुइड. ही इज जस्ट नॉट ईटिंग. हू इज कुकिंग फॉर हिम?" मी म्हटलं, आय ॲम. तिने मान हलवली आणि फाइलमध्ये लिहून घेतलं. मला कुणी इतक्या सभ्यपणे नापास केलं नव्हतं. त्यापेक्षा ती ओरडली असती तर मी तिला उलट ओरडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

गुरुवारचं बंद केल्यावर तो माझ्याकडे ताटावर बसायचा आणि उठायचा. मी म्हणायचे, नाटकं. आसावरी, मला भीती वाटते. रोज सकाळी त्याला वजनकाट्यावर उभं करते तेव्हा वाटते, रात्री त्याचा श्वास ऐकते तेव्हा वाटते. भीती वाटली की मी हुकूम सोडते, दुसरं काही मला येत नाही. तुला हे समजलं असेल तर चांगलं आहे, समजलं नसेल तर मी पुन्हा लिहिणार नाही.

तुझी ती सोसण्याची ओळ मी वाचली. दोन-तीनदा वाचली. ओळ चांगली आहे. उपमा कुठून ढापलीस ते मला विचारायचं होतं, पण कुंडी माझ्याच खिडकीत आहे.

ऋषिपंचमीला, येत्या गुरुवारी, आम्ही रीडिंगला येतो. उदयला स्टेशनवर पाठव, आणि वेळेवर पाठव. भोपळा मी आणते, कारण तुझ्या हातचा भोपळा नेहमी गळतो. खोबरं ओलं वापर, तो पाकिटातला भुस्सा नको. मी स्वयंपाकघरात येणार नाही, असं पद्माकरने माझ्याकडून वदवून घेतलं आहे. खुर्चीत बसेन. बघू किती वेळ जमतं ते.

सुप्रभा

•

बर्मिंगहॅम
३१ ऑगस्ट

सौ. आसावरी,

आशीर्वाद.

जेवणाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तिथे सगळ्यांदेखत सांगितल्या असत्या तर तू लगेच डोळ्यांत पाणी आणलं असतंस, आणि मला ते प्रकार आवडत नाहीत.

पहिली म्हणजे भोपळा मी आणूनही गळलाच. तो तू फार ढवळतेस.

दुसरी गोष्ट. पानं मांडली तेव्हा मी सवयीने डावीकडे पाहिलं. आपल्याकडे ताटात सगळ्यात आधी मीठ वाढतात, मग लिंबू. दोन वर्षं आमच्या घरी माझ्या ताटात ते असतं आणि पद्माकरच्या ताटात ती जागा मोकळी असते. रोज तो आधी त्या मोकळ्या जागेकडे पाहतो आणि मग जेवायला लागतो. मला ते दिसायचं, आणि मी म्हणायचे नजर चोरू नकोस, खा. गुरुवारी माझ्या ताटात मीठ नव्हतं. मला वाटलं, तू विसरलीस, आणि तुला टोकायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तुझी सान्वी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मोठी काकू, मीठ मागू नको हं. आज कोणालाच नाहीये. आईने सगळा मीठ लपवला." तिचं व्याकरण सुधारायची मला फार इच्छा झाली.

पद्माकरने त्याची मोकळी जागा पाहिली. मग शेजारी उदयचं ताट पाहिलं, मग माझं, मग समोरच्या सगळ्या पंगतीचं. वीस ताटं, कुठेच मीठ नाही. तू फक्त वाढत होतीस. त्याने मान खाली घातली आणि जेवायला लागला. भाजी तीनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा मागताना आवाज कसा होता, ते तूही ऐकलंस.

तुझी ओकाहिजिकी मीही खाल्ली. खारट नव्हती. चवही फारशी नव्हती, खरं सांगायचं तर, पाण्यासारखी लागली. पण कुरकुरीत होती, आणि पद्माकर प्रत्येक घास चावताना मला ऐकू येत होता. दोन वर्षांत त्याच्या जेवणाचा आवाज मी ऐकला नव्हता.

घरी आल्यावर मीठदाणी वरच्या फळीवर ठेवली. काल रात्री त्याच्या पातेल्यातलंच वरण मी माझ्या भातावर घेतलं. पहिला घास गिळवेना. दुसराही नाही. भयंकर लागतं, आसावरी. तो हे दोन वर्षं खातो आहे. मी एकदाही चाखलं नव्हतं. मी समोर बसून वर मीठ घातलेलं जेवत होते आणि त्याला नाटकी म्हणत होते.

तरी मी खात राहिले. त्याने पाहिलं. मग माझ्या भातावर त्याच्या ताटातली लिंबाची फोड पिळली.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं येतो. ती दुसरी खुर्ची कोरडी ठेव. मिसेस ओनोंना म्हणावं, नागपुरी शिव्यांचा अर्थ मी नीट समजावून सांगेन, ह्याला सगळ्या येत नाहीत.

खिडकीतली माती फेकून दिली आहे. कुंडी गरम पाण्याने धुऊन उन्हात उपडी घातली आहे. बी धर आणि थोडं माझ्यासाठी ठेव. साधं पाणी घालीन.

सुप्रभा